कोंबड्यावर आलेला आळ

नोकरीत तुम्ही नेमकं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, कोंबड्याचं रक्त काढलं. समोरचा माणूस आधी हसतो, मग जरा मागं सरकतो आणि हळूच विचारतो, "म्हणजे देवाचं-बिवाचं बघायचात काय?" नाही हो. मी कोल्हापुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते आणि माझ्याकडं फ्लूचं काम होतं. आजऱ्यापासून जयसिंगपुरापर्यंतच्या दवाखान्यांतून सर्दी-तापाच्या माणसांचे नमुने आमच्याकडं यायचे. त्यात फ्लूचा विषाणू आहे का आणि असला तर कुठल्या जातीचा, हे शोधायचं. आता निवृत्त झाले आहे, पण बसमध्ये कुणी शिंकलं तर अजून मान वळते.

करोनानं एक बरं केलं, नाकात काडी घालणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. त्याआधी ते समजावता समजावता तोंडाला फेस यायचा. एकदा तालमीतला एक पैलवान आला. दार भरेल एवढा. तापानं फणफणला होता, तरी चालण्यात रुबाब होता. मी काडी बाहेर काढल्याबरोबर म्हणाला, "बाई, कुस्तीत नाक फुटलं तर चालतंय, पन ह्ये काय चालायचं न्हाय." मी म्हटलं, दोन श्वासांचं काम आहे. त्यानं डोळे मिटले, काडी नाकात गेली आणि पैलवान स्टुलासकट आडवा. उठवायला तिघं लागले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "ह्ये तालमीत कुणाला सांगनार न्हाईसा न्हवं?" मी शब्द दिला होता. त्याचं नाव इथंही लिहीत नाही, म्हणजे तो पाळलाच म्हणायचा.

दुसरे एक गृहस्थ साखर कारखान्यातले. त्यांना फ्लू झाला होता आणि तो घशाला कसा धरतो, हे त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. मीही उत्साहानं सांगितलं की आपल्या पेशींच्या अंगावर एक साखर असते, तिला धरून विषाणू आत शिरतो. आठवड्यानं परत आले ते तोंड कडू करून. "बाई, तुमी सांगितल्यापासनं घरात बिनसाखरंचा चहा चाललाय. मंडळी खवळल्यात. आनी खोकला हाय तसाच हाय." कोल्हापूर जिल्ह्यात साखरेबद्दल वाकडं बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. मी त्यांना परत बसवलं आणि या वेळी नीट सांगितलं. तेच आता तुम्हालाही सांगते, कारण पुढची हकिगत त्याशिवाय कळायची नाही.

नाकातल्या, घशातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक देठांचं लव्हाळं असतं. काही देठांच्या टोकाला एक विशिष्ट साखर असते. सियालिक ॲसिड तिचं नाव. ती चहातली नाही आणि मधुमेहवाल्यांच्या रिपोर्टातलीही नाही. ती पेशीनं स्वतःच्या कामासाठी स्वतःच तयार केलेली असते. फ्लूचा विषाणू तिचा गैरफायदा घेतो. त्याच्या अंगावर दोन प्रकारची अवजारं असतात. एक धरायचं, दुसरं तोडायचं. धरणाऱ्यानं साखर पकडली की पेशी त्याला आपलाच समजून आत घेते. आत त्याच्या शेकड्यांनी नकला होतात आणि बाहेर पडताना त्याच साखरेत अडकतात, तेव्हा दुसरं अवजार साखर छाटून त्यांना मोकळं करतं. पेपरात 'एच वन एन वन' वाचता ना, त्यातला एच धरणारा आणि एन तोडणारा. पक्ष्यांची साखर आणि माणसाच्या घशातली साखर यांत एवढाच फरक, की ती पुढच्या कडीला कुठल्या बाजूनं जोडली आहे. पण तेवढ्यावर विषाणूची पकड बसते किंवा सुटते. कोंबड्यांचा फ्लू माणसाला सहसा होत नाही, त्यामागं हे एक मोठं कारण.

आता कोंबडा. ही साखर रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावरही असते. म्हणून आम्ही काय करायचो, रोग्याचा नमुना बाटलीत वाढवलेल्या पेशींवर घालायचो. आत फ्लू असला तर त्या पेशी चार दिवसांत खराब व्हायच्या. मग त्यातलं पाणी घेऊन खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत कोंबड्याच्या धुतलेल्या तांबड्या पेशींबरोबर मिसळायचं. विषाणू नसला तर पेशी घरंगळत तळाला जातात आणि तिथं लाल टिकली दिसते. विषाणू असला तर तो एका पेशीला धरतो, तिच्या शेजारणीला धरतो, असं करत जाळं विणतो आणि टिकली होतच नाही, खळग्यात नुसती गुलाबी साय पसरते. इतक्या बारीक जिवाचं धरणं तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी हजारो ताटल्या बघितल्या असतील, तरी साय पसरलेली दिसली की मला शेवटपर्यंत बरं वाटायचं. रोग सापडल्यावर बरं वाटणं हे चांगलं लक्षण नाही, पण आमच्या धंद्यात तसंच असतं.

या कामासाठी आमच्याकडं एक कोंबडा पाळलेला होता. लेगहॉर्न जातीचा, पांढराशुभ्र, तुरा एका बाजूला कललेला. त्याला सांभाळायला दस्तगीरमामा. मामा ठेकेदाराकडून आलेले कामगार, साठीच्या आतबाहेरचे, राहायला कसबा बावड्यात. मागच्या बाजूची प्राण्यांची खोली झाडायची, काचसामान धुवायचं आणि रक्त काढताना कोंबडा धरायचा, ही त्यांची कामं. ते कोंबड्याला 'साहेब' म्हणायचे. मी सुई घेऊन गेले की सांगायचे, "आज साहेबांचा मूड न्हाय बाई, उद्या या." मी चिडायचे, पण उद्याच जायचे. घाबरलेल्या पक्ष्याची शीर सापडत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मामांच्या काखेत तो असा शांत पडायचा की पंखाखालून रक्त कधी काढलं हे त्यालाही कळायचं नाही.

करोना ओसरल्यानंतरच्या एका पावसाळ्यात तापाची मोठी लाट आली. वॉर्ड भरले. आमच्याकडं थर्मासच्या पेट्यांची रांग लागली. फ्लू आहे की नाही, एवढं करोनात आलेलं नवं मशीन लगेच सांगायचं, जात सांगणं त्याचं काम नव्हतं; आणि मशीन म्हणत होतं, आहे. बाटलीतल्या पेशीही खराब होत होत्या, म्हणजे आत विषाणू वाढत होता. पण ताटलीत बघावं तर सगळीकडं टिकल्या. एकाही खळग्यात साय नाही. पुन्हा केलं, तेच. ताजं रक्त काढून केलं, तेच. साय धरली नाही, तर विषाणूची जात ओळखायची पुढची परीक्षा करता येत नाही. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतून रोज फोन, तुमच्या भागात कुठली जात फिरतेय ते कळवा. आमच्या प्रमुख जाधव मॅडम स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

अशा वेळी खात्री करायला एक ओळखीचा विषाणू लागतो. तो घालून साय पसरली, तर रक्त चांगलं आहे हे सिद्ध होतं. आमच्याकडची त्याची कुपी संपली होती आणि नवी येणार होती ती पुण्याहून. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलेलं. गाड्या पलीकडंच थांबल्या होत्या. त्यामुळं नमुना बरोबर, बाटली बरोबर, मशीन बरोबर, उरलं कोण? कोंबडा.

आणि इथं आमच्या स्टोअरकीपर शिंद्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "मॅडम, कोंबडा बघितलासा का? त्यो आपला न्हवंच."

मी खोलीत जाऊन बघितलं. कोंबडा खरंच ओळखू येत नव्हता. पिसं झडलेली, मान उघडी पडलेली, शेपूट नावाला उरलेलं, तुरा फिका. पावसाळ्याच्या शेवटी कोंबड्या पिसं टाकतात, हे खेड्यातल्या कुणालाही माहीत असतं. पण आमचं ऑफिस शहरातलं. त्यात मागच्याच आठवड्यात मामांकडं नातीला बघायला सांगलीहून पाहुणे आले होते. मामांनी दोन दिवस रजा घेतली होती आणि परत आल्यावर बायकोनं केलेल्या कोंबडीच्या रश्शाची तारीफ आम्हा सगळ्यांना ऐकवली होती. वाटीवाटीनं वर्णन. झालं, शिंद्यांनी दोनात दोन मिळवले. सरकारी कोंबडा पाहुण्यांच्या ताटात गेला आणि बाजारातला कुठलातरी मरतुकडा आणून पिंजऱ्यात कोंबला.

हसू नका. दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या इमारतीत झाली होती. कोल्हापुरात माणूस कोंबड्यासाठी काहीही करील, यावर कुणाचाही विश्वास बसतो.

मी मॅडमना म्हटलं, "अहो, बाजारातला कोंबडा असता तरी त्याच्या रक्तानं काम केलं असतं. साखर काय पाळलेल्या कोंबड्यालाच असते?" त्या म्हणाल्या, "बाजारातल्या पक्ष्यांना काय काय औषधं दिलेली असतात, त्यांच्या रक्ताचा भरवसा नाही. आणि प्रश्न तो नाही. बदलला असेल तर ती चोरी आहे. ठेकेदाराला कळवावं लागेल." कळवलं की मामा दुसऱ्या दिवसापासून घरी. तेही चोर म्हणून. नातीची सोयरीक अजून पक्की व्हायची होती.

मामांना बोलावलं. ते उभे राहिले, मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मॅडमनी सरळ विचारलं.

"म्याडम," मामा म्हणाले, "पावण्यांला कोंबडी केल्ती. दोन केल्त्या. बिंदू चौकातनं आनल्या, पैसं माझं. ह्यो साहेबच हाय."

"मग तो असा कसा दिसतोय?"

"पिसं झडल्यात. दर साली झडत्यात. तुमी खाली कधी येतासा बघायला?"

मॅडमना ते लागलं असावं. त्या म्हणाल्या, पुण्याचं पार्सल येईपर्यंत थांबू, तोवर तुम्ही कोंबड्याच्या खोलीत जायचं नाही. किल्ली शिंद्यांकडं द्या. मामांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. ते नेहमी आमच्याबरोबर चहा घ्यायचे. त्या दिवसापासून काचसामान धुऊन झालं की बाहेर कट्ट्यावर एकटेच बसायचे. मी कप घेऊन गेले तर म्हणाले, "नगं बाई. तुमच्याबी कपाला डाग लागंल." मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच उभ्यानं त्यांचाही चहा पिऊन टाकला. दुसरं काय करावं ते सुचेना.

कोंबड्याचे हाल वेगळेच. शिंदे दारातूनच दाणे फेकायचे. दुसऱ्या दिवशी मी सुई घेऊन गेले तर त्यानं मला खोलीभर नाचवलं, हातावर चोच मारली, रक्त निघालं ते माझंच. शिंदे म्हणाले, "बघा, जुना असता तर तुमास्नी वळखलं असतं." मी त्यांना काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

पाणी उतरलं, रस्ता सुरू झाला आणि कुपी आली. ताटली मीच लावली. एका ओळीत ओळखीचा विषाणू, दुसऱ्या ओळीत आमचे नमुने, दोन्हींत साहेबांचं रक्त. पेशी खाली बसेपर्यंत ताटली हलवायची नसते, नुसतं थांबायचं असतं. मॅडम माझ्या शेजारी बसून होत्या. पहिल्या ओळीत साय पसरली, अशी सुंदर की मी वर्षानुवर्षांत बघितली नव्हती. दुसऱ्या ओळीत पुन्हा टिकल्याच.

"रक्त उत्तम आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मग हे विषाणू त्याला धरत का नाहीत?"

त्यांनी लगेच दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. तीही याच कामातली. तिनं विचारलं, एच थ्री आहे का तुमच्याकडं? आमच्याकडं तोवर जास्त करून एच वन यायचा, आम्ही लोक त्याला अजून स्वाइन फ्लूच म्हणतो. तो कोंबड्याच्या पेशींना चांगला धरायचा. एच थ्री ही दुसरी जात. माणसात राहून राहून तिचं धरायचं अवजार बदलत गेलं. माणसाच्या घशातली साखर ती अजून पकडते, पण कोंबड्याच्या पेशींवरची तिला आता पकडता येत नाही. गिनीपिगच्या तांबड्या पेशींवर साखरेची जोडणी माणसाच्या घशातल्यासारखी जास्त असते. त्या वापरून बघा, म्हणाली.

जवळच्या फार्मसी कॉलेजातून गिनीपिगचं रक्त आणलं. दुसऱ्या ताटलीत आमच्या एकूण एक नमुन्याची साय पसरली. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. कोंबडा तोच होता, बदलला होता विषाणू.

मॅडमचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी हे केबिनमध्ये बोलावून सांगितलं नाही. सगळ्यांना लॅबमध्ये जमवलं, शिंद्यांनाही. दोन्ही ताटल्या उजेडावर धरून मामांना दाखवल्या आणि म्हणाल्या, "मामा, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले मी. मला माफ करा." शिंदे छताकडं बघत होते. मामांनी ताटल्या बराच वेळ बघितल्या. मग विचारलं, "म्हंजी ह्या सालच्या रोगाला साहेबांचं रगत चालत न्हाय."

"नाही चालत."

"फुडच्या साली?"

मॅडमनी ताटल्या खाली ठेवल्या. आनंदाच्या भरात हा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. ज्या ताटलीनं मामांवरचा आळ काढला, तिनंच कोंबड्याचं कामही काढून घेतलं होतं.

पुढं तसंच झालं. गिनीपिगचं रक्त फार्मसी कॉलेजातून मिळू लागलं, तेव्हा आमच्याकडं प्राणी ठेवायचं कारण उरलं नाही. प्राणी पाळण्याचे नियमही कडक होत चालले होते. वरून आदेश आला, खोली बंद करा. खोली नाही तर ठेकेदाराच्या हिशेबात मामांची जागाही नाही. मॅडमनी धडपड केली, मी ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. तो म्हणाला, "बाई, कोंबडाच न्हाय तर मानूस कशाला?" त्याच्या बाजूनं ते बरोबरच होतं, म्हणून मला जास्त राग आला. शास्त्रानं एका माणसाला निर्दोष ठरवलं आणि त्याच हातानं घरी बसवलं, याचा सल माझा अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, काम बदलतं, माणसानं बदलावं. सांगायला सोपं आहे. साठीच्या माणसानं काय, मशीन चालवायला शिकायचं?

मामांना मात्र मी रडताना बघितलं नाही. नातीचं जमलं होतं. सांगलीच्या पाहुण्यांच्या कानावर काहीच गेलं नाही. मी त्यांना म्हटलं, मामा, आम्हाला काही करता आलं नाही. ते म्हणाले, "बाई, चोर म्हनून गेलो असतो तर घरात तोंड दावता आलं नसतं. काम काय, आज हाय, उद्या न्हाय."

शेवटच्या दिवशी त्यांनी खोली पाण्यानं धुऊन काढली, पिंजरा घासला. तोवर कोंबड्याला नवी पिसं आली होती, पुन्हा पांढराशुभ्र झाला होता. मॅडम खाली आल्या. बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाल्या, "मामा, हा तुमच्याकडंच राहू दे." मामांनी मान हलवली आणि कोंबडा काखेत घेतला. खोलीच्या मागंच एक छोटं दार आहे. तिथून बावड्याच्या रिक्षा दोन पावलांवर. मामा रोज त्याच दारानं ये-जा करायचे, सगळेच कामगार करायचे. मी ते दार उघडून धरलं.

"हितनं न्हाय," मामा म्हणाले.

ते व्हरांड्यातून पुढं निघाले, केसपेपरच्या रांगेजवळून, औषधाच्या खिडकीसमोरून, थेट मोठ्या गेटाकडं. मी मागोमाग. रांगेतली माणसं माना वळवून बघत होती. एक पोर ओरडलं, "आये, कोंबडा!" शिंदे स्टोअरच्या दारात उभे होते, ते आत सरकले. गेटवर वॉचमननं हात आडवा केला. "काय मामा, कोंबडा कुनाचा? कुटं निघालासा घिऊन?"

मामा थांबले. कोंबडा काखेतून काढून दोन्ही हातांनी त्याच्या तोंडासमोर धरला आणि मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लॅबचा हाय. पयल्यापासनं हुता त्योच हाय. नीट बगून घे."